माणूस मध्यभागी नाही म्हटलं तर मग जबाबदारी कोण घेणार? (पोस्टह्यूमनिझमबद्दल प्रश्न)

सांजतारा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. आमचा छोटासा वाचनगट आहे, ऑनलाइनच भेटतो, पुढच्या महिन्याचा विषय आहे हवामानबदल, साथीचे रोग, एआय वगैरे मोठे प्रश्न आणि त्यांच्याकडे पोस्टह्यूमनिस्ट नजरेनं कसं बघायचं, आणि सुरुवात मी करून द्यायची आहे. गेले तीन आठवडे वाचतेय, डोना हॅरावे, रोझी ब्रायडोटी, ब्रुनो लाटूर या विचारवंतांचं, जसं जमेल तसं. मला कळलं ते एवढं की युरोपात मागच्या काही शतकांत माणसाचं एक चित्र तयार झालं, विचार करणारा, स्वतंत्र, निसर्गापासून वेगळा असा माणूस, आणि बाकीचं सगळं म्हणजे प्राणी, नद्या, जंगलं, यंत्रं हे त्याच्या वापरासाठी पडलेलं सामान. हे चित्रच मुळात खोटं आहे आणि आजची बरीचशी संकटं त्यातूनच आलीत असं ही मंडळी म्हणतात. इथपर्यंत पटतं, अगदी मनापासून पटतं.

अडतं ते पुढे. ते म्हणतात कर्तेपण एकट्या माणसाकडे नाही, ते सगळ्यांत वाटलेलं आहे, विषाणूंना आहे, वादळांना आहे, प्लास्टिकला आहे, अल्गोरिदमला आहे. बरं, मग औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) आसपास होता तो आता 420 च्या वर गेलाय, हे कोणी केलं म्हणायचं? कोळशानं? बॉयलरनं? मला भीती वाटते की असं सगळ्यांना कर्ता केलं की ज्यांनी खरोखर केलं ते गर्दीत मिसळून सटकतील. आणि कायदे करणं, कर लावणं, एखादी खाण बंद करणं ही कामं शेवटी माणसालाच करायची आहेत ना, नदी काही बैठकीला येऊन बसणार नाहीये. मग माणसाला मध्यातून हलवून नेमकं मिळतं काय? व्याख्या नकोत प्लीज, त्या खूप वाचून झाल्या. कोणाला काही उदाहरणानं सांगता आलं तर हवंय.

कोरा_कागद:

मी या विषयात अगदी नवीन आहे त्यामुळे आधी एक शंका. पोस्टह्यूमन म्हणजे मेंदूत चिप बसवणं, मरणावर मात करणं, मन कॉम्प्युटरवर चढवणं असंच मी आत्तापर्यंत समजत होतो. ते वेगळं आहे का?

रानजाई:

@कोरा_कागद, हो, वेगळं आहे, आणि हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. तुम्ही म्हणताय तो ट्रान्सह्यूमनिझम, हा शब्द ज्युलियन हक्सली या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं 1957 मध्ये लोकांसमोर आणला. त्यात माणूस मध्यभागीच असतो, उलट जास्तच मध्यभागी, त्याला फक्त आणखी ताकदवान करायचं, आजार नको, म्हातारपण नको, मर्यादा नकोत. पोस्टह्यूमनिझम वेगळंच विचारतो की ज्याला तुम्ही ताकदवान करायला निघालात तो एकटा सुटा माणूस कधी होता तरी का.

@सांजतारा ताई, तुम्ही उदाहरण मागितलंत म्हणून माझंच सांगते. मी गेली 19 वर्षं इन्सुलिन घेते. पहिली काही वर्षं माझ्यासाठी ती फक्त एक बाटली होती, फ्रिजच्या दारात ठेवायची आणि वेळेवर टोचायची. नंतर एकदा आजारपणात पडल्या पडल्या वाचायला लागले की ही येते कुठून. 1921 मध्ये टोरोंटोत इन्सुलिन वेगळं करता आलं, त्यानंतरची साठ वर्षं ते गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढत होते, आणि 1982 मध्ये पहिल्यांदा माणसाचं जनुक घातलेल्या जिवाणूंनी बनवलेलं इन्सुलिन बाजारात आलं. म्हणजे माझं स्वादुपिंड जे काम करत नाही ते काम कुठेतरी एका टाकीत ई. कोलाय नावाचा जिवाणू किंवा यीस्ट करतंय. तेवढ्यावर थांबत नाही हे. टोचायच्या औषधात जिवाणूंचं विष उतरलेलं नाही ना याची तपासणी करावी लागते, पूर्वी त्यासाठी सशांना ते टोचून ताप येतो का बघायचे, मग 1970 च्या दशकापासून हॉर्सशू क्रॅबचं रक्त वापरायला लागले. याचं नाव खेकड्याचं पण तो खरा खेकडा नाही, विंचू-कोळ्यांच्या जवळचा, डायनोसॉरच्याही कितीतरी आधीपासून समुद्रात असलेला जीव, रक्त निळं, आणि त्या रक्तात असं काही आहे की जिवाणूच्या विषाचा अंश जरी आला तरी ते गोठतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांना पकडतात, त्यांच्या रक्ताचा काही भाग काढतात आणि परत सोडतात, त्यात काही मरतात. आणि त्याच किनाऱ्यावर डेलावेअरच्या खाडीत रेड नॉट नावाचे छोटे पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिककडे जाताना उतरतात, पुढच्या प्रवासाची ताकद त्यांना याच खेकड्यांच्या अंड्यांतून मिळते. खेकडे कमी झाले तसे ते पक्षीही कमी झाले. (खेकडे कमी व्हायला औषधांपेक्षा मासेमारीसाठी आमिष म्हणून झालेली बेसुमार पकड जास्त कारणीभूत होती हेही सांगायला हवं.)

हे वाचलं त्या दिवसापासून "माझं शरीर" हा शब्द मला पूर्वीसारखा वापरता येत नाही. त्यात जिवाणू आहेत, ससे होऊन गेलेत, खेकडे आहेत, कारखाना आहे, विमा आहे. पण ताई, यानं माझी जबाबदारी कमी झाली असं मला एकदाही वाटलं नाही. उलट आधी मी कोणाची देणेकरी आहे हेच माहीत नव्हतं. खेकड्याच्या रक्ताला पर्याय म्हणून प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन आता आहे, त्याचा वापर वाढावा म्हणून जी पत्रं लिहिली जातात त्यांच्यावर मी सही करते, कारण आता मला ठाऊक आहे की त्या साखळीत मी कुठे उभी आहे.

गवतपाती:

रानजाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला, खेकड्याचं मला काहीच माहीत नव्हतं. यात एकच भर, आपल्या शरीरातल्या जिवाणूंबद्दल एका मानवी पेशीमागे दहा जिवाणू असा आकडा सगळीकडे फिरतो तो जुना आहे, 2016 च्या हिशोबानुसार साधारण 38 लाख कोटी जिवाणू आणि 30 लाख कोटी मानवी पेशी, म्हणजे जवळपास बरोबरीच. पण बरोबरीसुद्धा काही कमी नाही.

उंच_भरारी:

मी पक्ष्यांच्या बाजूनं बोलतो, माझं तेच वेड आहे. सांजतारा, तुमचा जो मूळ प्रश्न आहे ना की कर्तेपण वाटलं की दोषी सटकतात, त्याला गिधाडांची गोष्ट हे मला सगळ्यात चांगलं उत्तर वाटतं. दक्षिण आशियात 1990 च्या दशकात गिधाडं पटापट मरायला लागली, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दीड दशकात 99 टक्क्यांहून जास्त घटली, आणि बरीच वर्षं कोणाला कारणच कळेना, कोणी विषाणू म्हणायचं, कोणी कीटकनाशक. 2004 मध्ये सिद्ध झालं की कारण डायक्लोफेनॅक आहे, तेच सूज आणि दुखणं कमी करणारं साधं औषध. ते स्वस्तात मिळायला लागल्यावर गुरांना सर्रास दिलं जाऊ लागलं, औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. आणि त्यासाठी सगळी मेलेली जनावरं विषारी असायची गरज नव्हती, हिशोब करणाऱ्यांनी दाखवलं की शंभरातल्या एकापेक्षाही कमी जनावरात ते असलं तरी एवढी घट होऊ शकते, कारण एकेका जनावरावर मोठा थवा उतरतो. गिधाडं गेली, मेलेली जनावरं सडत पडली, भटक्या कुत्र्यांना खाणं मिळालं, कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला, पाणी खराब झालं. 2024 मध्ये दोन अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आला, त्यांचा अंदाज असा की 2000 ते 2005 या काळात भारतात गिधाडं नसल्यामुळे सुमारे 5 लाख जास्तीची माणसं मेली.

आता यात कर्ता कोण? शेतकऱ्यानं तर दुखणाऱ्या बैलाची दया येऊन औषध दिलं. डॉक्टरनं नियमात बसणारं औषध लिहिलं. एकही माणूस गिधाडं मारायला निघाला नव्हता. जुन्या पद्धतीनं, म्हणजे इच्छा असलेला, हेतू असलेला एक गुन्हेगार शोधत बसलात तर इथे कोणीच सापडत नाही आणि मग खरंच सगळे सटकतात. रेणू, बैल, गिधाड, कुत्रा, विषाणू, बाजारभाव हे सगळे काहीतरी करत होते असं मान्य केलं की मग बारकाईनं बघता येतं की साखळी कुठे तोडता येईल. ती तशीच तोडली, 2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरत होते म्हणून 2015 मध्ये बाटलीचाच आकार 3 मिलीवर आणला. एका बाटलीचा आकार! मला ते फार आवडतं, कारण नुसतं "निसर्ग वाचवा" म्हणणाऱ्याला ते कधी सुचलं नसतं.

तुम्ही कर्तेपण आणि जबाबदारी एकच धरताय असं मला वाटतं. कुत्र्यानं काहीतरी केलं म्हणून कुत्रा जबाबदार होत नाही. जबाबदारी ज्याला कळतं आणि ज्याला बदलता येतं त्याच्यावर येते, म्हणजे आपल्यावरच, आणि त्यातही ज्याच्या हातात जास्त आहे त्याच्यावर जास्त.

उंबरठा:

मला इथे थोडं थांबवायचंय सगळ्यांना. उदाहरणं सुंदर आहेत पण "आपण", "माणूस", "मानवजात" हे शब्द फार सहज वापरले जातायत. 1906 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात काँगोतून आणलेल्या ओटा बेंगा नावाच्या माणसाला माकडांच्या घरात लोकांना बघायला ठेवलं होतं. गर्दी करून बघणारे स्वतःला माणूस समजत होते आणि तो त्यांच्या लेखी अधलामधला कोणीतरी होता. 1948 मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला तेव्हा त्याच्या बाजूनं मत देणाऱ्या काही देशांच्या ताब्यात वसाहती होत्याच. मग ज्यांना माणसात मोजून घ्यायलाच पिढ्या गेल्या त्यांना आता सांगायचं की माणूस ही कल्पना जुनी झाली, ती सोडून द्या आणि नदी, जंतू, रोबो यांच्या रांगेत उभे राहा? माझ्या घरातल्या आधीच्या पिढ्यांनी काय सोसलं ते ऐकत मी मोठा झालोय, त्यामुळे हे मला नुसतं तात्त्विक वाटत नाही, आत लागतं.

हवामानाच्या बाबतीतही तेच. अँथ्रोपोसीन, म्हणजे मानवाचं युग, हा शब्द पॉल क्रुट्झेन आणि यूजीन स्टोर्मर या शास्त्रज्ञांनी 2000 मध्ये पुढे आणला, भूवैज्ञानिकांच्या समितीनं मार्च 2024 मध्ये तो अधिकृत कालखंड म्हणून नाकारला पण शब्द रुळलाय. मानवानं केलं म्हणे! जगातले सगळ्यात श्रीमंत 10 टक्के लोक जवळपास निम्म्या उत्सर्जनाला कारण आहेत. बाकीच्यांना त्या "मानवा"त का ओढता?

जमैकाच्या विचारवंत सिल्व्हिया विंटर यांचं म्हणणं मला जवळचं वाटतं, की एका विशिष्ट माणसानं, गोऱ्या, मालमत्ता असलेल्या, पुरुष अशा माणसानं, स्वतःचं चित्र काढलं आणि त्यालाच समस्त मानव म्हटलं. ते चित्र मोडायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मोडायचं ते सगळ्यांना माणूसपण मिळावं म्हणून.

रानजाई:

@उंबरठा दादा, तुमचा मुद्दा अगदी मान्य, आणि मी "आपण" म्हणताना विचार करायला हवा होता. फक्त एक जोडते, ज्या मोजमापानं ओटा बेंगाला माकडघरात ठेवलं त्याच मोजमापात माकडाला पिंजऱ्यात ठेवण्यात काही गैर आहे हे तर कोणाच्या मनातही येत नव्हतं. खाली ढकलायला आधी एक "खालची पायरी" लागते, आणि ती पायरी प्राण्यांची म्हणून तयारच होती. ती पायरीच काढून टाकली तर कोणाला तिच्यावर ढकलता येईल का, असा मला प्रश्न पडतो. तुमच्या घरच्यांनी जे सोसलं त्याची बरोबरी मी कशाशीच करत नाहीये, कृपया तसं समजू नका.

उंबरठा:

नाही, तसं नाही समजलो. पायरीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मी अजून पूर्ण तयार नाही मान्य करायला, पण विचार करतोय.

साक्षीदार:

मी कायद्याच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण "नदी बैठकीला येणार नाही" हे वाक्य आमच्या क्षेत्रात आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. कंपनी तरी कुठे बैठकीला येते, तिच्या वतीनं माणसंच येतात आणि कायदा तिला व्यक्ती मानतो, देवस्थानांचंही तसंच. झाडांनाही न्यायालयात उभं राहता यावं हा युक्तिवाद क्रिस्टोफर स्टोन या अमेरिकन प्राध्यापकानं 1972 मध्ये मांडला होता तेव्हा बऱ्याच जणांना तो विचित्र वाटला. 2008 मध्ये इक्वेडोरनं निसर्गाचे हक्क थेट राज्यघटनेत घातले आणि त्याच आधारावर 2021 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं लॉस सेद्रोस या जंगलातली खाणकामाची परवानगी रद्द केली. स्पेनमध्ये मार मेनोर हे खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, आजूबाजूच्या शेतीतली खतं वाहून येऊन पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि 2019 आणि 2021 मध्ये हजारो मासे मरून किनाऱ्याला लागले, लोकांनी पाच लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या आणि 2022 मध्ये सरोवराला कायदेशीर व्यक्ती करणारा कायदा झाला, आता कोणीही नागरिक त्याच्या वतीनं न्यायालयात जाऊ शकतो.

पण नुसतं व्यक्ती जाहीर करून भागत नाही, आणि हे मला फार आग्रहानं सांगायचंय कारण या विषयावर उत्साहात बरंच भाबडं लिहिलं जातं. मार्च 2017 मध्ये एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. न्यूझीलंडच्या संसदेनं व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती करणारा कायदा केला आणि उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला व्यक्तीचा दर्जा दिला. उत्तराखंडच्या निकालात राज्याच्या मुख्य सचिवांसारख्या अधिकाऱ्यांना नदीचं पालक केलं होतं, म्हणजे ज्या यंत्रणेच्या कारभारात नदी खराब झाली तिलाच पालकत्व. मग राज्यच सर्वोच्च न्यायालयात गेलं की पूर येऊन कोणी दगावलं तर भरपाईचा दावा कोणावर लावायचा, आणि नदी तर इतर राज्यांतूनही वाहते, तिथे आमचं कोण ऐकणार. जुलैमध्ये स्थगिती आली. व्हांगानुईच्या मागे मात्र माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी लोकांचा 1870 च्या दशकापासूनचा लढा होता. ते म्हणतात मी नदी आहे आणि नदी म्हणजे मी. कायद्यात नदीसाठी दोन माणसं नेमलीत, एक तिथल्या माओरी जमातींकडून आणि एक सरकारकडून, दोघांनी मिळून नदीच्या वतीनं बोलायचं, त्यासोबत निधी आला, सरकारची जाहीर माफी आली. म्हणजे @उंबरठा यांनी मांडलेला प्रश्न तिथे बाजूला टाकला गेला नाही, नदीला हक्क मिळणं आणि त्या माणसांना न्याय मिळणं एकाच कागदावर झालं. तरीही नदीच्या उगमाकडचं पाणी वीजप्रकल्पासाठी अजून वळवलं जातंच आहे, तो जुना परवाना कायद्यानं रद्द केलेला नाही. हेही तुमच्या गटात सांगा.

कोरा_कागद:

मग रोबोलाही व्यक्ती करायचं का? म्हणजे हक्क वाटायला लागलो तर थांबायचं कुठे?

साक्षीदार:

@कोरा_कागद, चांगला प्रश्न. 2017 मध्ये युरोपियन संसदेच्या एका ठरावात प्रगत रोबोंना इलेक्ट्रॉनिक व्यक्तीचा दर्जा देता येईल का याचा विचार करावा असं म्हटलं होतं आणि पुढच्या वर्षी दीडशेहून जास्त तज्ज्ञांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. विरोधाचं एक मोठं कारण तेच, जे सांजतारांना छळतंय, की यंत्रानं नुकसान केलं तर बनवणारा म्हणेल माझ्यावर कशाला, त्याच्यावरच दावा लावा. 2017 मध्येच सौदी अरेबियानं सोफिया नावाच्या रोबोला नागरिकत्व जाहीर केलं, तेव्हा तिथल्या बायकांना प्रवासालासुद्धा पुरुष पालकाची परवानगी लागत होती. माझा स्वतःचा निकष असा आहे की व्यक्तीचा दर्जा दिल्यावर कोणाचं संरक्षण होतं ते बघायचं. सरोवराला दिला तर मासे, किनाऱ्यावरची माणसं वाचतात. रोबोला दिला तर त्याचा मालक वाचतो.

उंच_भरारी:

एआयबद्दल बोलताना ते हवेत कुठेतरी असतं असं समजतो आपण. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातली साधारण दीड टक्का वीज डेटा सेंटर्सनी वापरली, थंड ठेवायला पाणी लागतं ते वेगळं, आणि बॅटऱ्यांमधलं कोबाल्ट बहुतांश काँगोच्या खाणीतून येतं. पुन्हा काँगो. रानजाईंनी इन्सुलिनच्या बाटलीचा जसा माग काढला तसाच फोनचाही काढता येईल, गटात प्रत्येकाला एकेक वस्तू देऊन बघा.

सांजतारा:

सगळ्यांचे खरंच खूप आभार, मला एवढी अपेक्षा नव्हती. माझा घोळ कुठे होत होता ते उंच_भरारींच्या प्रतिसादानं कळलं, कर्तेपण आणि जबाबदारी मी एकच धरून चालले होते. आणि उंबरठा दादांचा मुद्दा मी सुरुवातीलाच मांडणार आहे, शेवटी "टीका" म्हणून चिकटवणार नाही, कारण तो मागे ठेवला तर बाकीचं सगळं पोकळ वाटेल. सुरुवात मात्र खेकड्यापासून करेन, रानजाई तुमची परवानगी असेल तर, तुमचं नाव न घेता. भविष्याबद्दल बोलताना लोक एकतर मंगळावर जातात नाहीतर सगळं संपणार म्हणतात, मला 3 मिलीच्या बाटलीसारखी भविष्यं गोळा करायची आहेत.

@साक्षीदार, एक शेवटचं विचारते. त्या दोन माणसांना नदीला काय हवंय हे कळतं कसं? मनाचंच नदीच्या तोंडी घातलं तर?

रानजाई:

परवानगी कसली विचारता, जरूर सांगा. झाल्यावर इथे लिहा काय काय चर्चा झाली ते.

साक्षीदार:

@सांजतारा, ती शक्यता कायद्यानं पूर्ण मिटवलेली नाही, मिटवता येणारही नाही. पण मोकळं रानही सोडलेलं नाही. कायद्यात चार मूळ तत्त्वं लिहिलीत आणि त्या दोघांना त्यांना धरूनच बोलावं लागतं, नदी डोंगरापासून समुद्रापर्यंत अखंड आहे, तिचे तुकडे पाडून विचार करायचा नाही, हे त्यातलं एक, आणि लहानमोठे ओहोळ मिळून एक नदी होते हे आणखी एक. शिवाय नदीचा पुढचा आराखडा ते दोघं एकटे ठरवत नाहीत, त्यासाठी 17 जणांपर्यंतचा वेगळा गट आहे, त्यात माओरी जमाती, स्थानिक परिषदा, पर्यावरणवाले, नदीचा व्यवसायासाठी आणि विरंगुळ्यासाठी वापर करणारे असे सगळे बसतात, आणि तिचं पाणी वळवणाऱ्या वीजवाल्यांनाही तिथे येऊन नदीसमोर बोलावं लागतं.